वाटेवरचा पाला

घाटकोपर

घाटकोपरला थंडी पडली की नाही, हे आमच्या घरात खोबरेल तेलाच्या बाटलीवरून ठरायचं. तेल थिजलं की बायको बाटली उन्हात ठेवायची आणि मला विचारायची, "स्वेटर काढू काय?" मी म्हणायचो काढ. मग स्वेटर घालून मी भाजी आणायला जायचो, घामाने भिजून यायचो आणि स्वेटर परत ट्रंकेत जायचा. म्हातारा झालो तरी थंडीची माझी माहिती एवढीच. अशा माणसाने ऐन थंडीत हिमालय चढायला जावं आणि वर त्याचं वर्णन लिहावं, म्हणजे कठीणच. पण आमच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "नाना, जे गेले नाहीत त्यांच्या उपयोगी पडेल, लिहा." जे गेले नाहीत ते सुखी आहेत. तरी लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन सेक्रेटरींनी बघावं.

बायको श्रावणात गेली. त्याचं जास्त लिहीत नाही. ती गेल्यावर मुलीने, म्हणजे आमच्या सुमनने, एकच धोशा लावला. खोलीला कुलूप लावा आणि आमच्याकडे मुलुंडला या. तिचं म्हणणं, मी दूध गॅसवर ठेवून विसरतो. विसरतो. तिचं म्हणणं, मी गणपतीत न्हाणीत घसरलो. घसरलो. पण खोली सोडायची नाही म्हणजे नाही. भिंतीला मांडणी आहे, तिच्यावर भांडी बायकोने लावली तशीच आहेत. मी एक टोप आणि एक ताट घेऊन भागवतो, बाकीच्याला हात लावत नाही. मुलुंडला त्यांच्याकडे नवीन पद्धतीचं स्वयंपाकघर आहे, सगळं कपाटाच्या आत. तिथं मी करणार काय?

आमचे जावई अशोक सरकारी कचेरीत आहेत. आठवडाभर फायली आणि रविवारी डोंगर. सह्याद्री संपला म्हणून आता हिमालय. दिवाळीनंतर एका रविवारी जेवताना बापलेकीचं भांडण लागलं, तेव्हा ते मध्ये पडले.

"सुमन, आपण नानांची परीक्षाच घेऊ ना. डिसेंबरात मी आणि दीक्षित तुंगनाथला चाललोय. नाना येऊदेत. देवळापर्यंत चढून धडधाकट खाली आले, तर खोलीचा विषय तू परत काढायचा नाहीस."

"आणि नाही चढले तर?"

"तर मुलुंड."

"तुझं डोकं फिरलंय काय रे?" सुमन म्हणाली. "बाबांना घाटकोपर स्टेशनचा जिना चढताना दम लागतो."

मला राग आला. मी म्हटलं, "येतो."

आता हरकत निघाली ती वेगळीच. चुलत भावाने गावाहून निरोप पाठवला की वर्ष झालेलं नाही, वर्षाच्या आत देवदर्शन, यात्रा काही चालत नाही. त्यावर जावयांनी खुलासा केला. थंडीत ते देऊळ बंद असतं. मूर्ती डोली करून खालच्या गावात नेतात, वर कोणी नसतं. म्हणजे देव घरी नसताना आपण जाऊन यायचं, त्याला यात्रा म्हणत नाहीत, ट्रेक म्हणतात. भावाचा पुढे निरोप आला नाही.

खाली, म्हणजे तिथल्या मानाने खाली

गाड्या, बस, हरिद्वार वगैरे सोडून देतो, ते सगळ्यांचं सारखंच असतं. तिसरा भिडू दीक्षित. पार्ल्याचा, लग्न न झालेला, स्वभावाने चांगला, पण वाचलेला फार. त्याच्या पिशवीत हवामानावरचं इंग्रजी पुस्तक होतं आणि गळ्यात थर्मामीटर. दर थोड्या वेळाने तो थर्मामीटर बघायचा आणि आम्हाला किती थंडी वाजतेय ते सांगायचा.

सामानाचं सांगतो, कारण जाणारे विचारतात. सुमनने मला दोन स्वेटर, मफलर, कानटोपी दिली. आतून मात्र मी आपला नेहमीचा सुती गंजीफ्रॉक. इथंच चुकलं. मुंबईत घाम येतो आणि निघून जातो, त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. तिकडे चढताना घाम येतो आणि थांबलं की तोच घाम पाठीवर ओल्या फडक्यासारखा गार होतो. वारा लागला की मग बोलायलाच नको. त्यामुळे तिकडची रीत उलटी. चालायला लागायच्या आधी कपडे काढायचे, थांबलं की घालायचे. पहिल्या चढाला मी सगळं अंगावर घालून निघालो आणि वर पोचेपर्यंत आतून भिजून लाकूड झालो. दीक्षित म्हणाला, "नाना, लोकर आतून घालायची असते." मी म्हटलं, "हे घाटकोपरला सांगायचं होतंस."

खोबरेल तेलाचा दगड झाला. जावयांनी बाटली काखेत धरून झोपून पाहिलं. शेवटी ते तीन दिवस तेलावाचून राहिले आणि केस उभे राहून तारेच्या घासणीसारखे दिसायला लागले.

ऊन मात्र फसवं. आकाश निळं असं की डोळ्याला लागतं. उन्हात बसलं की स्वेटर काढावासा वाटतो आणि दोन पावलं सावलीत गेलं की दातावर दात. एकाच ओट्यावर उन्हाळा आणि हिवाळा शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत. दुपारनंतर दरीतून ढग वर यायला लागतात, म्हणून काय चालायचं ते सकाळी. हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. सकाळी किती लवकर, हे मात्र नीट विचारून घ्यावं. त्यावरच आमचं पुढचं सगळं घडलं.

चोपता

देवळाच्या पायथ्याची ही जागा. थंडीत इथले सगळे खाली गावात उतरतात, दुकानं बंद. त्या साली बर्फ उशिरा पडत होतं म्हणून एकच माणूस मागे राहिला होता, चहाची टपरी चालवणारा बचनसिंग. त्याच्या टपरीच्या मागच्या खोलीत आम्ही उतरलो. माझ्याच वयाचा, डोळे बारीक, सदा विडी. त्याने चुलीजवळ बसवलं आणि जेवायला काय आहे विचारलं तर म्हणाला, मंडुवे की रोटी, गहत की दाल.

दीक्षितने लगेच वही काढली. "स्थानिक धान्य आहे," म्हणाला.

ताट आलं. बघतो तर नाचणीची भाकरी आणि कुळथाचं सार! मी घास घेतला आणि नुसता चावत राहिलो. ही चव मी श्रावणापासून खाल्ली नव्हती. आमच्याकडे कुळीथ घरात आहे, डब्यात, पण पिठी मला जमत नाही, गुठळ्या होतात.

"काय नाना, आवडलं नाही?" जावयांनी विचारलं.

"अहो, हे कुळीथ आहे हो! आपले कुळीथ!"

"छे. गहत म्हणाला ना तो."

"त्याला गहत म्हणूदे, पण मला कुळीथ कळतात. माझी अर्धी हयात कुळथावर गेली."

बचनसिंगला मी माझ्या हिंदीत सांगितलं की हमारे गाव में भी यही खाते है. त्याला पटलं नाही. समुद्राकाठचे लोक मासे सोडून दुसरं काही खातात हे त्याला खोटं वाटत होतं. पण त्याने मला आणखी सार वाढलं.

मग विडी देत त्याने विचारपूस सुरू केली. त्यांच्यात बायकामुलं, गुरं, देव सगळं थंडीत खाली मक्कूगावात जातं. त्याची बायको देवाच्या डोलीबरोबरच खाली गेली होती. तोही हप्त्याभरात जाणार होता.

"आपकी घरवाली? नीचे है?"

मी म्हटलं, "नही. वो तो ऊपर गयी."

बचनसिंगने विडी तोंडातून काढली. "ऊपर? कब?"

"सावन में."

"सावन में गयी और अभी तक उतरी नहीं?" तो उठून दारात गेला, वर काळोखाकडे पाहिलं आणि परत आला. "ऊपर तो कोई नहीं है, भाईसाहब. मंदिर के कपाट बंद हैं. मैं खुद ताला देखके आया."

जावयांनी मान खाली घातली. दीक्षित खोकायला लागला. मला आधी काही कळेना आणि मग कळलं तेव्हा हसू आलं. श्रावणानंतर पहिल्यांदा मी हसलो, आणि ते हसू नीट थांबेना म्हणून मी भाकरीकडे बघत बसलो. मग जावयांनी त्याला हळूच समजावून सांगितलं. बचनसिंगने विडी चुलीत टाकली. थोड्या वेळाने म्हणाला, "हमारे यहाँ ऊपर का मतलब ऊपर ही होता है." मी म्हटलं, "ठीक है. हमारे यहाँ डोंगर छोटे है."

मी त्याला उलट विचारलं, देवाला खाली करमतं का? स्वतःचं घर सोडून सहा महिने दुसऱ्याच्या घरात? तो म्हणाला, दुसऱ्याचं कसं, तेही त्याचंच. बर्फ पडलं की वर राहून देव काय करणार, दिवा लावायला माणूस नको का? मी म्हटलं, देवाची मुलगी खाली मुलुंडला दिली असणार. हे जावयांना कळलं, बचनसिंगला कळलं नाही.

आकाश त्या रात्री लख्ख होतं. चांदण्या इतक्या की दीक्षितने पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "हवा उत्तम. ढगाचा पत्ता नाही. उद्या उजाडतानाच निघू, ढग यायच्या आत वर जाऊन परत."

बचनसिंगने मान हलवली. "सवेरे रास्ते में पाला रहेगा. धूप आने दो, तब जाना."

"पाला?" जावई हसले. "पाल्याला काय घाबरायचं?"

मीही हसलो. आमचा जन्म पाल्यात गेला. कोकणात भाताच्या भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, डोंगरातून पाल्याचे भारे डोक्यावरून आणलेत, अनवाणी. दीक्षितचं म्हणणं पडलं की ही तिथल्या बुरांशच्या झाडांची पानं असणार, ओली पानं घसरतात, माथेरानला तो एकदा घसरलाय, तेव्हा जपून पाय टाकायचा. बचनसिंगने तीनदा सांगितलं, पाला है, पाला. आम्ही तीनदा म्हटलं, हाँ हाँ, मालूम है.

वाटेवर

उजाडता उजाडता निघालो. बचनसिंग झोपला होता, त्याला उठवलं नाही.

वाट फरसबंद आहे, देवळाला जाणारी आहे म्हणून. एका अंगाला गवत, त्याच्यावर पांढरं कुरकुरीत काहीतरी, मीठ शिंपडल्यासारखं. झाडाखाली दोनचार पानं पडली होती, ती दीक्षितने काठीने बाजूला केली. "हाच पाला," म्हणाला. "एवढ्यासाठी थांबलो असतो."

पहिली चढण मी चढलो. दम लागला पण चढलो. जावयांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर अशी खुशी दिसली की मला कळलं, हा माणूस माझ्या बाजूने आहे. पुढे शिखरं उभी राहिली होती, टोकावर ऊन आलेलं आणि त्या टोकांवरून धुरासारखं पांढरं उडत होतं. दीक्षित म्हणाला, तिथं वर वारा सुटलाय, ते बर्फ उडतंय. खाली आमच्याकडे पान हलत नव्हतं. आमच्या वाटेवर ऊन यायला अजून वेळ होता, डोंगराची सावली पडली होती.

एका वळणानंतर देऊळ दिसलं. म्हणजे कळस दिसला. अगदी हाताशी.

"नाना, घाटकोपर वाचलं बरं का!" जावई ओरडले. आणि मग ते खुशीत येऊन मला शिकवायला लागले. "थंडीत डोंगरावर तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, घाम येऊ द्यायचा नाही. दोन, ऊन असेल तोवर परत फिरायचं. आणि तीन—"

तिसरी गोष्ट आम्हाला आजपर्यंत कळलेली नाही. समोरची फरशी नुसती ओली दिसत होती, काळपट. त्यांनी पाय टाकला आणि दोन्ही पाय आकाशात गेले. पडले ते पायावर पाय अडकून. आवाज मी ऐकला. सुकलेली फांदी मोडावी तसा.

मी धावलो आणि मीही बसलो. बसलो म्हणजे आपटलो, आणि त्या फरशीवरून बसल्या बसल्या जावयांपर्यंत घसरत गेलो. दीक्षित शहाणा, तो गवतातून आला.

घोट्याच्या वर सूज यायला लागली होती. जावई ओठ चावून पडले होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. खाली दरीत ढगाचा एक पट्टा जमत होता, पुस्तकात नसलेला.

"नाना," ते म्हणाले, "तुम्ही आणि दीक्षित वर जाऊन हात लावून या. गवतातून जा. किती राहिलंय? मी बसतो इथं."

"गप्प बस," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना अरेतुरे केलं.

"नाना, सुमन ऐकायची नाही हो. पैज म्हणजे पैज. ती धरून बसेल."

मी वर पाहिलं. खोटं कशाला बोलू, जावंसं वाटलं. कळस दिसत होता, चढ थोडाच होता, आणि पायात त्या घटकेला जोर होता, उद्या असेल नसेल. वर गेलो की माझी खोली माझी, मांडणी माझी, कोणी बोलायचं नाही. आणि दुसरंही एक वाटलं ते वेड्यासारखं वाटलं. बचनसिंग म्हणाला होता वर कोणी नाही, कुलूप बघितलंय. तरी आपण एकदा बघून यावं.

तेवढ्यात दीक्षितने त्यांचा बूट सैल करायला हात लावला आणि जावई ओरडले. कळवळून ओरडले, "सुमन!"

सुमन मुलुंडला. कचेरीची तयारी करत असेल.

मी गणपतीत न्हाणीत घसरलो तेव्हा अशीच हाक मारली होती. आमच्याकडे बायकोला नावाने हाक मारत नाहीत, मी 'गो' म्हणायचो. "गो!" म्हणून ओरडलो. ओरडून झाल्यावर आठवलं. मग तसाच ओल्यात पडून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. हे मी सुमनला सांगितलेलं नाही. घसरलो एवढंच सांगितलं.

मी खाली बसलो, फरशीला पाठ लागू नये म्हणून जावयांना माझ्या छातीशी टेकवून घेतलं, माझा कोरडा स्वेटर त्यांच्या अंगावर टाकला आणि दीक्षितला म्हटलं, "तू जा खाली, बचनसिंगला आण. गवतातून जा. पुस्तक इथं ठेव, ओझं नको."

तो गेला. आम्ही दोघं बसलो. घाम आला होता तो आता पाठीवर गोठत होता.

"हरलात नाना," जावई म्हणाले.

"बोलू नकोस. दात वाजतायत तुझे."

"तुमचेच वाजतायत."

पाला

बचनसिंग येईपर्यंत ऊन आमच्यापर्यंत पोचलं होतं. पाठीवर मोठी करंडी घेऊन आला. त्यात यात्रेच्या दिवसांत म्हातारी माणसं बसवून वर नेतात, त्याला ते कंडी म्हणतात. तो आला तोच शिव्या देत.

"बोला था न पाला है! तीन बार बोला!"

मला राग आला. दुखतंय आमच्या माणसाला आणि हा वर तोंड करून बोलतोय. मी म्हटलं, "किधर है पाला? एक पत्ता नही रास्ते में! दिखाव!"

बचनसिंगने माझ्याकडे पाहिलं, मग दीक्षितकडे, मग आकाशाकडे. काठीचं लोखंडी टोक त्या काळ्या फरशीवर आपटलं. काचेसारखा तुकडा उडाला. वाकून तो उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ये क्या है?"

पातळ, आरपार दिसणारं बर्फ. दिवसा वितळलेलं पाणी फरशीवरून वाहतं, आकाश मोकळं असलं की रातोरात गोठतं आणि ओल्या दगडासारखं दिसतं. ढग असते तर कमी गोठलं असतं. आम्ही चांदण्या बघून खूश झालो होतो, त्या चांदण्यांनीच हे केलं होतं. याला तिकडे पाला म्हणतात. आम्ही त्याला झाडपाला समजलो. तीन शिकलेली माणसं, म्हणजे दोन शिकलेली आणि मी.

"आप लोग पाला किसको बोलते हो?" त्याने विचारलं.

मी वाटेकडेचं एक पान उचलून दाखवलं.

बचनसिंग आधी बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याला करंडी खाली ठेवावी लागली. "पत्ते से डराऊँगा मैं? बकरी समझा?" मग जावईही हसायला लागले, हसताना पाय हलला की विव्हळायचे आणि परत हसायचे. दीक्षित तेवढा हसला नाही. त्याने पुस्तकाची शेवटची पानं उघडून शब्द शोधला. सापडला नाही. इंग्रजी पुस्तक होतं ते.

आमच्या ऐंशी किलोच्या जावयांना करंडीत बसवून बचनसिंगने खाली आणलं. मध्ये मध्ये आम्ही दोघांनी धरलं असं सांगायला हरकत नाही, पण आम्ही धरलं तेव्हा त्याला जास्त जड गेलं. वाटेवरचा पाला उन्हाने तोवर गेला होता. नुसती ओली फरशी. आम्ही जिथं पडलो तिथं मी पाय घासून पाहिला, जरासुद्धा घसरला नाही. मागे वळून पाहिलं तर कळस ढगात गेला होता.

बचनसिंगने आमच्याबरोबरच टपरी बंद केली. म्हणाला, निघायचंच होतं, आता निमित्त झालं. त्याची बायको खालच्या रस्त्यावर भेटली, लांबूनच ओरडत आली. काय म्हणाली ते कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता.

खालच्या गावच्या डॉक्टरने प्लास्टर घातलं. दीक्षितने सुमनला इंग्रजीत तार केली. पाय मोडला, परत येतोय, काळजी नको. कोणाचा पाय, ते लिहायचं राहिलं.

मुलुंड

स्टेशनवर सुमन उभी, बरोबर हमाल आणि मागून आणलेली चाकाची खुर्ची. डोळे सुजलेले. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन डब्यातून उतरलो तर ती माझ्या पायांकडे बघतच राहिली.

"बाबा, तुमचा पाय?"

"माझे दोन्ही आहेत. त्यांचा बघ."

मागून दीक्षितच्या खांद्यावर जावई. सुमन आधी हसली आणि मग नवऱ्यावर अशी काही कडाडली की हमाल बाजूला झाला. "मी आठवडाभर बाबांसाठी रडतेय आणि मोडलास तू! तारेत नाव घालता आलं नाही?"

घरी आल्यावर पैजेचा निकाल लागला. मला वाटलं होतं सुमन धरून बसेल. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही याच्यासाठी परत फिरलात. मी खोलीबद्दल आता एक अक्षर बोलणार नाही. जिंकलात तुम्ही."

"कसे जिंकले?" जावई पलंगावरून ओरडले. प्लास्टरचा पाय उशीवर. "देवळापर्यंत पोचायचं ठरलं होतं. नाना पोचले नाहीत. मी साक्षीदार आहे. हरले."

"अरे, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"नियमाच्या," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायला लागले. "तू सकाळी ऑफिसला जाणार. मला पाणी कोण देणार? आणि त्यांनाही..."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. निकाल मीच द्यायचा राहिला होता.

"हरलो," मी म्हटलं.

सुमन आत गेली, तिने नळ सोडला. भांडी घासायची तशी काही नव्हती.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला कपडे आणायला गेलो. कपाट बंद केलं, गॅस बंद केला, मांडणीवर जुनं धोतर झाकण म्हणून घातलं, धूळ बसू नये म्हणून. दाराला कुलूप लावून चावी द्यायला शेजारच्या सावंतीणबाईकडे गेलो. ती आमच्याच मालवणकडची. दारात तांदूळ निवडत बसली होती.

"नाना, खंय चाललात पिशयो घेवन?"

"मुलुंडाक. चेडवाकडे."

"कितके दिस?"

"थंडीपुरतो."

तिने सूप खाली ठेवलं. बाहेर कडक ऊन पडलं होतं आणि तिच्या कपाळावर घाम होता.

"मुंबयत खंयची इली थंडी?"

"असता," मी म्हटलं. "तुका कळूची नाय."

तिने हाताचा कोंडा झटकला. मग तिने चावी घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.